दोस्ती नको, कंटाळा हवा

पत्र थोडक्यात असं आहे: "आमच्याकडे दोन कुत्री. राणी आठ वर्षांची, बंड्या दीड वर्षाचा. परसदारी पाच कोंबड्या. परवा संध्याकाळी खुराड्याची कडी नीट लागली नव्हती. बंड्या आत शिरला, कोंबड्या बाहेर उधळल्या आणि आम्ही पोचेपर्यंत एक कोंबडी गेली होती. दुसरीच्या पाठीवरची पिसं उपटली गेली आहेत, ती कोपऱ्यात बसून असते. मला जास्त धक्का राणीचा बसला. इतकी वर्षं तिने कोंबड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही आणि त्या दिवशी तीही मागे धावली. नवरा म्हणतो, बंड्याला रक्ताची चटक लागली, आता त्याला देऊन टाकू. शेजारचे काका म्हणतात, मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधा, आठवड्यात सुधारेल. मला वाटतं, व्हिडिओत दिसते तशी कुत्र्या-कोंबड्यांची दोस्ती आमच्याकडेही व्हावी. शिवाय बंड्या कोंबड्यांची शीट खातो, अंडी पळवतो, ते निराळंच. काय करू?"

ताई, दोस्तीचं नंतर बोलू. आधी ती कोपऱ्यात बसलेली कोंबडी.

कोंबडी दुखणं लपवते. अशक्त दिसलं की टोच खावी लागते, म्हणून ती जमेल तोवर उभी राहते, दाणे टिपल्यासारखं करते. ती डोळे मिटून पिसं फुगवून बसू लागली, म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलंय असं धरून चाला. उपटलेल्या पिसांनी सहसा जीव जात नाही. जीव जातो तो सुळ्यांच्या भोकांनी. कुत्र्याचा सुळा कातडीला बारीकसं छिद्र पाडतो, आत मात्र मांस चिरडलेलं असतं आणि तोंडातले जंतू खोलवर गेलेले असतात. वरून पिसं सगळं झाकून टाकतात. तेव्हा तिला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून मांडीवर घ्या आणि पिसं उलटी फिरवत पाठ, पंखांखालची जागा, मांड्या, शेपटीचा बुंधा बोटांनी नीट चाचपा. छाती मात्र दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हलायला जागा मिळाली नाही, तर त्यांना श्वासच घेता येत नाही. कातडीखाली हवा भरल्यासारखी चुरचुर हाताला लागली, तर आतली हवेची पिशवी फाटलेली असू शकते. मग घरी काही करत बसू नका, थेट पशुवैद्यांकडे न्या.

जखम धुवायला उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा, पुरतं. फेसाळणारं औषध (हायड्रोजन पेरॉक्साइड) ओतू नका, ते जंतूंबरोबर चांगलं मांसही जाळतं. भोक दिसलं की डॉक्टरांना दाखवायचंच, कारण अँटिबायोटिक बहुधा लागतं. ते सुरू झालं की तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे तेव्हाच विचारून घ्या. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 ते 42 अंशांच्या आसपास असतं. धक्का बसलेल्या पक्ष्याला ते टिकवणं जड जातं, म्हणून तिला उबदार, अंधारी, शांत जागा द्या. जखमेवर माशी बसू देऊ नका. अळ्या पडल्या तर इतका वेळ केलेलं सगळं वाया जातं.

तिला बाकीच्या तिघींपासून वेगळं ठेवा, कारण रक्त दिसलं की कोंबड्या टोचून टोचून जखम मोठी करतात. पण नजरेआड करू नका. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थॉरलिफ शेल्डेरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये ती पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली. कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना ती त्याआधीही ठाऊक असणारच. काही आठवडे गायब झालेली कोंबडी परत आली की तिला पुन्हा तळापासून जागा मिळवावी लागते. जाळीपलीकडून रोज दिसत राहिली तर हा छळ पुष्कळ कमी होतो. मुळासकट उपटलेली पिसं काही आठवड्यांत नवी येतात. अर्धवट तुटलेली मात्र पुढच्या पिसगळीपर्यंत तशीच राहतात. बाकीच्या तिघींनी अंडी थांबवली किंवा मऊ कवचाची घातली, तर घाबरू नका. भेदरलेल्या कोंबड्यांचं असं होतं, घडी बसली की त्या पुन्हा घालू लागतात.

आता बंड्या. रक्ताची चटक वगैरे काही नसतं. नवऱ्याला हे जरूर वाचून दाखवा. कुत्र्याच्या शिकारीत ठरावीक पायऱ्या असतात: हेरणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कुठल्या जातीत यातली कुठली पायरी वाढवली, कुठली दाबली. मेंढरं वळवणारा कुत्रा पाठलागापर्यंत येऊन थांबतो. टेरियर जातीचा कुत्रा उंदीर पकडून झटकून मारतो. आणि यातली प्रत्येक पायरी कुत्र्याला स्वतःतच आनंद देते. बंड्याला कोंबडी खायची नव्हती. फडफडत, ओरडत पळणारी वस्तू दिसली आणि पाय सुटले. चेंडूमागेही तो याच आनंदाने धावतो. फरक एवढाच की चेंडू मरत नाही.

म्हणूनच काकांचा उपाय निरुपयोगी आहे, आणि क्रूरही. परवाच्या धावण्याचा आणि आज गळ्यात कुजणाऱ्या ओझ्याचा संबंध कुत्रा लावू शकत नाही. कुजका वास त्याला शिक्षा वाटेल हा माणसाचा भ्रम. संधी मिळाली तर कुत्री असल्या वासात आनंदाने लोळतात. हाती येतो तो फक्त रोगाचा धोका. मारण्याचंही तसंच. तुम्ही समोर असताना कोंबडीकडे पाहिलं की मार बसतो, इतकंच तो शिकेल. तुम्ही नसताना काय करायचं, हे त्याने आधीच शिकून ठेवलंय.

राणीचं कोडं मला बंड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक घरं तिथेच फसतात. एकटी कुत्री आणि दुसऱ्या कुत्र्याबरोबरची तीच कुत्री, यांना दोन वेगळे प्राणी समजा. एक धावला की दुसरा धावतो, आणि मग आपण का धावतोय याचा विचार कोणीच करत नाही. राणी बिघडलेली नाही. पण "आमची राणी काही करत नाही" हे वाक्य यापुढे फक्त राणी एकटी असताना खरं धरायचं. शिकवणी दोघांची वेगवेगळी घ्या. दोघं मिळून कोंबड्यांसमोर मोकळे, ही वेळ कधीच येऊ देऊ नका. एकेकटे शहाणे झाले तरीही.

आणि ते व्हिडिओ. त्यातल्या काही कुत्र्यांचे डोळे पुन्हा एकदा बघा. तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे, पापणी लवत नाही, अंगाचं वजन पुढच्या पायांवर. त्याला आपण प्रेम म्हणतो आणि खाली बदामाचं चित्र टाकतो. शेपूट हलतेय म्हणून निर्धास्त होऊ नका, शिकारीच्या ऐन भरातही शेपूट हलते. जे खरंच निवांत असतात, त्यांच्यामागे कित्येक महिन्यांची मेहनत असते किंवा मुळातच थंड स्वभाव असतो, आणि तो भाग व्हिडिओत येत नाही. शिवाय कोंबडीवर माया करणारा कुत्राही तिला मारू शकतो. खेळायला बोलावण्यासाठी मारलेला एक पंजा तिला पुरतो.

मी म्हणूनच दोस्तीच्या मागे लागू नका म्हणते. बंड्याच्या लेखी कोंबडी ही कुंडीइतकी कंटाळवाणी वस्तू झाली पाहिजे. हे साधायला वेळ लागतो, पण रीत अवघड नाही.

कोंबड्या जाळीत. बंड्या गळपट्टा आणि दोरीसह तुमच्या हातात. आता त्याला कोंबड्या दिसतात, पण तुम्ही दिलेला खाऊ तो अजूनही घेतो, असं अंतर शोधा. परसाच्या पार दुसऱ्या टोकाला असेल, घराच्या दारात असेल, कुठेही. खाऊ तोंडाशी धरूनही तो घेत नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे या. त्याने कोंबडीकडे पाहिलं की एकच ठरलेला शब्द म्हणा, "शाब्बास" चालेल, आणि खाऊ तुमच्या पायाशी द्या, म्हणजे त्याला मान वळवावी लागेल. पाहिलं, शब्द, वळला, खाऊ. थोड्या दिवसांनी कोंबडी दिसली की तो आपणहून तुमच्याकडे वळून बघू लागतो. त्या क्षणी खाऊ देताना हात आखडता घेऊ नका, सगळी शिकवणी त्या एका वळण्यासाठी आहे. खाऊही रोजचा कोरडा नको, एरवी कधी मिळत नाही असा काही तरी हवा.

वेळ थोडा ठेवा. पाच-सात मिनिटं झाली की आत. तो कंटाळून जमिनीचा वास घेऊ लागला, जांभई न देता अंग सैल करून बसला, की पुढच्या खेपेला दोन पावलं जवळ. जांभईचं मुद्दाम लिहिलं, कारण कुत्रा ताणातही जांभई देतो आणि लोक त्याला आराम समजतात. शिकवणीच्या आधी त्याला दमवावं असं सगळे सांगतात. पण चेंडू फेकून फेकून दमवलेला कुत्रा पेटलेला असतो, शांत नसतो. त्यापेक्षा हुंगत हुंगत लांब फिरवून आणा.

अवघडपणाही पायरीपायरीने वाढवा. मातीत खड्डा करून निवांत लोळणारी कोंबडी सगळ्यात सोपी. दाण्यासाठी हुसकाहुसकी करणाऱ्या कोंबड्या त्याहून कठीण. पंख फडफडवत ओरडत पळणारी कोंबडी म्हणजे शेवटची परीक्षा, आणि काही कुत्री ती कधीच पास होत नाहीत. जाळीबाहेरच्या कोंबड्यांसमोर त्याला आणायची वेळ आली, तर लांब दोरी आणि तोंडाला टोपलीसारखं मुसकं, दोन्ही हवं. मुसकं असं घ्या की त्यातून त्याला धापा टाकता याव्यात आणि पाणी पिता यावं. ते घालायची सवय आधी घरात, खाऊच्या जोडीने लावा. कोंबड्यांना उडून बसायला उंच जागाही हवी.

मधल्या काळात त्याला एकदाही पाठलाग करता येता कामा नये. दहा वेळा काही मिळालं नाही आणि अकराव्यांदा मिळालं, तर सवय मोडत नाही, उलट आणखी चिवट होते. लॉटरीचं व्यसन याच गुणावर चालतं. सगळ्यात धोक्याच्या वेळा म्हणजे सकाळी खुराडं उघडतं ती आणि तिन्हीसांजेला कोंबड्या दांडीवर चढायला धडपडतात ती. तुमच्याकडेही संध्याकाळीच घडलं ना? या दोन्ही वेळी कुत्री घरात, दार बंद. अंडं घातल्यावर कोंबडी जो कलकलाट करते, त्यानेही बंड्या पेटत असेल, तर तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून घरात हळू आवाजात लावून ठेवा आणि तेव्हा त्याला खाऊ द्या.

बंड्या दीड वर्षाचा आहे हे विसरू नका. कुत्र्यांचं बंडखोर वय साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं. जनावरांची राखण करण्यासाठीच पैदास केलेल्या जातींवरही दोन वर्षांच्या आत कळप एकट्याने सोपवत नाहीत. तेव्हा त्याचा निकाल आत्ताच लावू नका. सहा महिने मन लावून शिकवूनही तो जाळीसमोर थरथरत उभाच राहत असेल, तर तो तसाच आहे असं मानायचं आणि कुंपणावर भरवसा ठेवायचा. त्यात ना त्याचा पराभव, ना तुमचा. कुत्रा देऊन टाकायचा प्रश्न कुंपण बांधणं खरोखरच शक्य नसेल तेव्हा येतो. आणि तेव्हाही मी म्हणेन, आधी कोंबड्यांना चांगलं घर शोधा. नव्या खुराड्यात कोंबडी काही आठवड्यांत रुळते, घर सुटलेल्या कुत्र्याला ते फार जड जातं.

कुंपणाकडे वळू, कारण परवाची खरी गुन्हेगार ती कडी आहे. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवायला ठीक. कुत्र्याला बाहेर ठेवायला ती बिनकामाची, मनावर घेतलं तर तो ती दातांनी फाडतो. जाड तारेची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यांवर वितळवून जोडलेली जाळी, घ्या. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची घेतलीत तर उंदीर-मुंगुसांचाही बंदोबस्त होतो. कुत्रा कुंपणाच्या पायाशी उकरतो, म्हणून जाळीचा फूट-दीड फुटाचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि त्यावर माती किंवा दगड टाका. उकरायला लागला की पंजाला जाळीच लागते. दारं दोन करा, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नेम ठेवा. कडी आपोआप बसणारी हवी, आणि वर एक स्प्रिंगचा हूक. घाईत असलेला माणूस कडी विसरणारच, हे धरूनच दार बांधायचं.

जाळीचा खालचा दोन फुटांचा भाग फळ्यांनी किंवा बांबूच्या तट्ट्याने झाका. कुत्रा स्पर्शही न करता नुसता टक लावून बसला, तरी कोंबड्या दिवसभर धास्तावलेल्या राहतात. त्याच्याही दृष्टीने जाळीलगत येरझाऱ्या घालणं म्हणजे शिकारीची रोजची तालीमच. खुराड्यात दर कोंबडीमागे साधारण चार चौरस फूट आणि बाहेरच्या बंदिस्त अंगणात दहा चौरस फूट जागा असली की त्या आपसात कमी भांडतात. भांडणं कमी झाली की फडफड कमी, आणि फडफड कमी झाली की बंड्याचं कामही सोपं. कोंबड्यांना परसात मोकळं सोडायचं असेल तर वेळ वाटून घ्या: त्या बाहेर असताना कुत्री घरात, कुत्री बाहेर असताना त्या जाळीत.

शीट खाण्याबद्दल. किळस बाजूला ठेवली तर धडधाकट कुत्र्याला त्याने सहसा फार काही होत नाही. कोंबड्यांच्या पोटातली कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) कोंबड्यांचीच असते, ती कुत्र्याच्या पोटातून नुसती पार होते. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू मात्र कुत्र्यालाही लागतात आणि माणसालाही. शीट खाऊन आलेलं तोंड लहान मुलांचे गाल चाटतं, हा माझ्या मते मोठा धोका. परसातून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा, अंगण रोज झाडा. बंड्याला जुलाब झाले तर घरात कोंबड्या आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कोंबड्या एकामागून एक अचानक मरू लागल्या तर कुत्र्यांना त्या बाजूला फिरकू देऊ नका आणि लगेच सरकारी पशुवैद्यांना कळवा. 2023 मध्ये कॅनडात एका पाळीव कुत्र्याने रानहंस (गूज) चावल्यावर त्या कुत्र्याला बर्ड फ्लू झाला आणि तो दगावला. असं क्वचित घडतं, पण घडतं.

खाद्याची अदलाबदलही थांबवा. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, कुत्र्याला ते रोज नको. पिल्लांच्या काही खाद्यांत औषधही मिसळलेलं असतं. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून विषाच्या गोळ्या. ते विष कुत्र्यालाही मारतं आणि कोंबडीलाही, म्हणून दाणा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आणि कुत्र्याचं गोचिडांचं औषध स्वतःच्या अकलेने कोंबडीवर मारू नका. त्यात असणारं फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक अंड्यात उतरतं. 2017 मध्ये युरोपात कोंबड्यांच्या खुराड्यांत ते वापरलं गेल्याचं उघड झालं आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली.

अंड्यांचं सोपं आहे. कोंबड्या बहुतेक अंडी दुपारच्या आत घालतात. एका अंड्यापासून दुसऱ्यापर्यंत 24 ते 26 तास जातात, म्हणून वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग एक दिवस खाडा पडतो. तुम्ही सकाळी एकदा आणि दुपारी एकदा अंडी उचललीत तर बंड्याला मिळणारच नाहीत. एखादं खाल्लं तर बिघडत नाही. तोंडात अंडं घेऊन पळाला की मागे धावू नका, तो त्याचा आवडता खेळ होऊन बसेल. खाऊ दाखवा आणि बदल्यात अंडं घ्या. अंडी खाणारा कुत्रा पुढे कोंबड्या मारतो ही समजूत खरी नाही, त्या दोन वेगळ्या सवयी आहेत.

तुमच्याकडे आता चार कोंबड्या उरल्या. गेलेलीची जागा भरायची घाई करू नका. जखमी कोंबडी बरी होऊन कळपात परत जाऊ दे, बंड्याची निदान पहिली पायरी पक्की होऊ दे. मग आणायच्या तर दोन आणा, एकटी नवी कोंबडी सगळ्यांचा मार खाते. आणल्यावर तीन-चार आठवडे त्यांना जुन्यांपासून लांब ठेवा, दाणा-पाण्याची भांडीही वेगळी. आणि दोन दारांचं काम त्यांना आणण्याआधी पुरं करून घ्या.